इंग्रजी अर्ज आणि ताठ मान

ज्याच्या हातीं लेखणी त्याच्या हातीं शेत, हा आमच्या खेड्यांतला जुना अनुभव आहे. नांगर धरणारा एक, निंदणारी दुसरी, आणि कागदावर नांव मात्र तिसऱ्याचेंच, असे प्रकार आमच्या आजे-पणज्यांनीं डोळ्यांदेखत पाहिले. वऱ्हाडांत पटवाऱ्याची वही आणि सावकाराचें खत या दोन कागदांनीं किती घरें बुडविलीं याची मोजदाद कोणी ठेविली नाहीं. कारण मोजदाद ठेवणारे हात त्याच वह्या लिहीत होते. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून हें दुखणें वेशीवर टांगलें. शेतकऱ्याच्या अज्ञानावर कुळकर्णी आणि कचेरींतले कामगार कसे पोसले जातात, हें त्यांनीं उघड करून सांगितलें.

आज काळ पालटला आहे. आमचीं मुलें-मुली शाळेंत जातात. सातबारा मराठींत आहे आणि तो मोबाईलवरही दिसतो. १९६४ च्या कायद्यानें मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा ठरली. पण वही मराठी झाली म्हणजे लेखणीवाल्यांचें राज्य संपलें असें कोणी समजूं नये. तें राज्य एक मजला वर चढून बसलें आहे. विम्याची पॉलिसी, बँकेचें मंजुरीपत्र, दवाखान्यांतून सुटतांना हातीं पडणारा कागद, औषधाच्या बाटलीवरचा बारीक टाईप, संगणकाच्या पडद्यावरचा फॉर्म, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल, हे सारे बहुधा इंग्रजी बोलतात. हायकोर्ट व सुप्रीम कोर्ट यांचें कामकाज, पार्लमेंट दुसरें ठरवीपर्यंत, इंग्रजींत चालावें असें तर राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमांतच आहे. खालच्या पायरीवर मराठी आणि वरच्या पायरीवर इंग्रजी. आणि आमचा माणूस खालच्या पायरीवर हात जोडून उभा! वरचा कागद खालीं आणून समजावून सांगणारा जो कोणी मध्यें उभा राहतो, तोच आजचा पटवारी.

म्हणून आमचें म्हणणें असें आहे. गांवोगांव प्रौढ स्त्री-पुरुषांचे रात्रीचे वर्ग निघावेत आणि त्यांत व्यवहारापुरतें इंग्रजी लिहिणें शिकवावें. पण त्याच वर्गांत, त्याच धड्यांत, माणूस माणसाच्या बरोबरीचा आहे ही गोष्ट शिकविली नाहीं, तर तें इंग्रजी न शिकविलेलेंच बरें. या दोन गोष्टी वेगळ्या करतां येत नाहींत, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

हा विषय कोणास पुस्तकी वाटूं नये म्हणून २०१७ सालची आठवण देतों. त्या खरिपांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत विसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों माणसें दवाखान्यांत पडलीं. कपाशी डोक्याएवढी वाढली होती. किडीचा धाक होता. दोन-तीन औषधें एकत्र करून मारण्याची रीत पडली होती. पंप जोराचे होते आणि अंगावर संरक्षणाचें कांहीं नव्हतें. अशीं कारणें अनेक होतीं. इंग्रजी आली नाहीं म्हणून माणसें मेलीं असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें म्हणजे मेलेल्यांवरच दोष ढकलणें होय. रोजंदारीनें फवारा मारणाऱ्या मजुरास बाटली निवडावयाची नसते, आणि मालकास सल्ला मिळतो तो दुकानदाराकडून, म्हणजे माल विकणाराकडून. हा दोष व्यवस्थेचा आहे.

तरी एक गोष्ट पाहा. त्या प्रत्येक बाटलीवर एक तिरपा चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागांत रंग असतो: लाल म्हणजे अत्यंत जहाल, पिवळा म्हणजे त्याच्या खालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा त्याहून सौम्य. वरच्या अर्ध्या भागांत शब्द असतो. लाल-पिवळ्यावर ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’ आणि हिरव्यावर ‘कॉशन’. हे तीन इंग्रजी शब्द आणि चार रंग शिकावयास एक संध्याकाळ पुरे. औषधाबरोबरचें माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेंत असलें पाहिजे असा १९७१ च्या कीटकनाशक नियमांचा दंडक आहे. तें पत्रक मागून घ्यावें, हेंही त्याच संध्याकाळीं सांगतां येतें. पहिली गोष्ट अक्षराची झाली, दुसरी हक्काची. एकीवांचून दुसरी लंगडी.

पुढें काय झालें तेंही लक्षांत घ्या. सप्टेंबर २०२० मध्यें ५१ बाधितांच्या वतीनें स्वित्झर्लंडच्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार गेली. आणि २०२१ सालीं दोन विधवा व एक वांचलेला शेतकरी यांनीं तेथील बाझेल शहराच्या कोर्टांत एका कीटकनाशक कंपनीवर दावा लावला. कंपनीनें आरोप नाकारले. आमच्या कपाशीच्या धुऱ्यावरचें भांडण सातासमुद्रांपलीकडच्या कोर्टांत पोंचलें, ही लहान गोष्ट नव्हे. तेथें पहिला प्रश्न कोणता असावयाचा ? बाटली कोणती होती ? तिच्यावरचें नांव काय, खेप कोणती, बिल कोठें आहे ? ज्याच्या घरीं बाटलीवरचें नांव अक्षरें पाहून वहींत उतरून ठेवलेलें असेल, त्याच्या बोलण्यास आधार राहील. ज्याच्या घरीं नसेल त्यानें पोलिसांच्या नोंदींची वाट पाहावी. यवतमाळच्या तक्रारींतही पोलिसांकडील नोंदींचाच मोठा आधार घ्यावा लागला. आणि पोलिसांनीं नोंद केलीच नसती तर ?

म्हणून आमच्या वर्गाचा पहिला धडा ‘ए फॉर ॲपल’ हा नसावा. आमच्या शिवारांत सफरचंद पिकत नाहीं. पहिला धडा बाटलीचा असावा: औषधाचें नांव, खेपेचा नंबर, तयार केल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, हीं चार ओळींत उतरून काढणें. मोठीं इंग्रजी अक्षरें सव्वीस आणि महिन्यांचीं नांवें बारा. एवढ्यावर हा धडा होतो. दुसरा धडा फॉर्मचा: आपलें नांव, बापाचें किंवा नवऱ्याचें नांव, गांव, तालुका, जिल्हा, खातें नंबर, हें सारें मोठ्या अक्षरांत, आधार कार्डावर आहे त्याच स्पेलिंगांत. एका अक्षराच्या फरकानें पैसे अडकतात, हें ज्याचे अडकले त्यास विचारावें. तिसरा धडा तारखांचा: पिकाचें नुकसान झालें कीं त्याची खबर लगेच द्यावी. ती कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणाला दिली, आणि तक्रारीचा नंबर काय मिळाला, हें लिहून ठेवणें. चौथा धडा पोंचेचा: कागद दिला कीं त्याच्या प्रतीवर ‘रिसीव्ह्ड’, सही, शिक्का आणि तारीख घेतल्यावांचून टेबलासमोरून हलावयाचें नाहीं.

कारागिरांसाठीं पांचवा धडा बिलाचा व अंदाजपत्रकाचा. आमचा सुतार दार असें बसवितो कीं वीस पावसाळे हलावयाचें नाहीं. पण नागपूरच्या ठेकेदारानें इंग्रजींत दरपत्रक मागितलें कीं तो गप्प बसतो, आणि मधला माणूस त्याच्या कामावर आपलें नांव घालून पैसे उचलतो. लांबी, रुंदी, लाकूड कोणतें, नग किती, दर काय, एकूण किती, आगाऊ किती: हे सात शब्द इंग्रजींत लिहितां आले कीं तो मधला माणूस गळाला. सप्टेंबर २०२३ पासून विश्वकर्मा योजना अठरा प्रकारच्या कारागिरांसाठीं निघाली आहे. तिची नोंदणी संगणकावरच होते. अशा योजना येतात आणि जातात. पण ज्याला स्वतःचा फॉर्म स्वतः वाचतां येतो त्याच्या पदरीं त्यांतलें कांहीं पडतें.

आतां सहावा धडा पत्राचा. येथें आम्ही वाचकांस थोडें थांबण्याची विनंति करतों, कारण सारी गोम येथेंच आहे.

इंग्रजी अर्ज म्हटला कीं आमच्याकडे एक ठरलेला सांचा आहे. ‘आय मोस्ट हम्ब्ली अँड रिस्पेक्टफुली बेग टु स्टेट’ अशी सुरुवात, आणि ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ असा शेवट. म्हणजे काय ? मी अत्यंत नम्रतेनें, अत्यंत आदरानें, भीक मागून कळवितों कीं. आणि शेवटीं, आपला अत्यंत आज्ञाधारक नोकर. साहेबाचें राज्य १९४७ सालीं गेलें. त्याच्या दारांत वांकलेली ही मान अजून शाळेच्या अर्जांत, बँकेच्या अर्जांत, पंचायत समितीच्या अर्जांत तशीच वांकलेली आहे. मराठी अर्जांतही ‘मायबाप सरकार’ आणि ‘गरिबावर दया व्हावी’ हें चालूच आहे. बाजारांत मिळणारीं अर्जांचीं पुस्तकें हेंच शिकवितात, आणि कित्येक मास्तर तेंच फळ्यावर लिहून देतात. ज्यानें पैसे भरले, ज्याचें पीक बुडालें, ज्याचा कायद्यानें हक्क आहे, त्यानें भीक कां मागावी ? भीक मागणारास ‘नाहीं’ म्हणतां येतें. हक्क मागणारास ‘नाहीं’ म्हणावयाचें तर कारण द्यावें लागतें.

तेव्हां आमच्या वर्गांतलें पत्र पांच ओळींचें असावें. मी कोण. काय घडलें आणि कोणत्या तारखेस. त्याचा कागद कोणता जोडला आहे. मला काय पाहिजे. उत्तर लेखी द्यावें. एवढेंच. इंग्रजींत ‘प्लीज’ हा शब्द पुरेसा सभ्य आहे. ‘बेग’ या शब्दाची कांहीं गरज नाहीं. ‘प्लीज गिव्ह मी द रीझन इन रायटिंग’, कारण लेखी द्या, हें एक वाक्य ज्याला लिहितां आलें त्याचें अर्धें काम झालें. शेवटीं ‘युवर्स फेथफुली’ आणि खालीं स्वतःची सही. सभ्यता सोडूं नये, शिवीगाळ करूं नये, खोटें एक अक्षर लिहूं नये. पण मान वांकवूंही नये. व्याकरणाची एखादी चूक राहिली तरी चालेल. वांकलेली मान ही व्याकरणाहून मोठी चूक आहे.

कोणी विचारील, मग इंग्रजी येत नाहीं त्यानें अर्ज करावयाचाच नाहीं काय ? उलट ! वर्गाच्या पहिल्याच रात्रीं सांगावयाची गोष्ट ही कीं, इंग्रजी येत नाहीं म्हणून कोणाचा हक्क रतिभर कमी होत नाहीं. राज्यघटनेचें ३५० वें कलम सांगतें कीं, केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणें मांडावयाचें तर तें तेथें वापरांत असलेल्या कोणत्याही भाषेंत मांडतां येतें. २००५ चा माहितीचा अधिकार कायदा सांगतो कीं अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेंत करतां येतो. आणि ज्याला लिहितांच येत नाहीं त्याचें तोंडी बोलणें लिहून काढण्यास साह्य करणें हें माहिती अधिकाऱ्याचें कर्तव्य आहे. दहा रुपये फी, आणि तीस दिवसांत उत्तर. म्हणून जेथें मराठी चालते तेथें मराठींतच, ताठ मानेनें लिहावें. आणि जेथें समोरचा कागदच इंग्रजी आहे तेथें तो वाचण्यासाठीं व त्यास उत्तर देण्यासाठीं इंग्रजी शिकावी. मोठें दिसण्यासाठीं इंग्रजी नको. कोणी आम्हांस लहान लेखूं नये यासाठीं हवी.

हा मार्ग आम्ही नवा काढलेला नाहीं. जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८५५ सालीं शेतकरी व कामकरी स्त्री-पुरुषांसाठीं रात्रीची शाळा घातली. दिवसभर राबलेलीं माणसें दिवा लावून पाटीवर अक्षरें गिरवीत होतीं, त्यास आतां पावणेदोनशें वर्षें होत आलीं. सावित्रीबाईंच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहांत इंग्रजी शिकण्याचा उपदेश करणारी कविता आहे, ती त्यांनीं शूद्रातिशूद्रांसाठींच लिहिली. आणि १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं जें निवेदन ठेवलें तें इंग्रजींत. शेतकऱ्यांसाठीं लिहिलें तें शेतकऱ्यांच्या मराठींत. सरकारला सुनावलें तें सरकारच्या इंग्रजींत. खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणाकडे लक्ष द्या, आमच्या घामाच्या पैशावर वरच्या वर्गांचींच मुलें शिकतात, हें त्यांनीं सांगितलें तें भीक मागून नव्हे. देव आणि भक्त यांच्यामध्यें दलाल नको, हें सत्यशोधक समाजानें १८७३ सालीं सांगितलें. माणूस आणि सरकार यांच्यामध्येंही दलाल नको, हें त्याच सांगण्याचें पुढलें पाऊल आहे.

त्याच १८७३ सालीं जोतीरावांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला. त्या मुक्त झालेल्या काळ्या लोकांचें पुढें काय झालें तें आमच्या वाचकांनीं जाणण्यासारखें आहे. बेड्या गेल्या, पण दक्षिणेकडील राज्यांत मताचा हक्क पाहिजे असेल तर वाचून दाखवा, लिहून दाखवा, अशी अट त्यांच्या वाटेंत आडवी टाकली गेली. तेव्हां साउथ कॅरोलिना राज्यांतील जॉन्स बेटावर १९५७ च्या जानेवारींत प्रौढांचा एक रात्रीचा वर्ग निघाला. जागा सहकारी दुकानाच्या मागची खोली. शिकविणारी बर्निस रॉबिन्सन, ही केस विंचरून देण्याचा धंदा करणारी बाई; मास्तरीण नव्हे. तिनें पहिल्या दिवशीं पुस्तक उघडलें नाहीं. तुम्हांस काय शिकावयाचें आहे, असें तिनें विचारलें. लोक म्हणाले, आमचें नांव लिहावयाचें आहे, दूरच्या मुलांचीं पत्रें वाचावयाचीं आहेत, मनीऑर्डरचा फॉर्म भरावयाचा आहे. तोच अभ्यासक्रम झाला. भिंतीवर मात्र मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता. मनीऑर्डर आणि मानवी हक्क एकाच खोलींत ! या कामामागें सेप्टिमा क्लार्क ही शिक्षिका होती. काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्थेची सभासद म्हणून १९५६ सालीं तिची सरकारी शाळेंतली नोकरी गेली होती. तशा वर्गांतून पुढें हजारों माणसें मतदार झालीं, आणि १९६५ सालीं मताच्या हक्काचा कायदा झाला. जें त्या बेटावर एका दुकानाच्या मागच्या खोलींत झालें, तें आमच्या समाजमंदिरांत, आमच्या शाळेच्या ओट्यावर कां होऊं नये ?

आतां समतेविषयीं. समता ही व्याख्यानानें शिकवितां येत नाहीं. वर्गाच्या बसण्या-उठण्यानें शिकवितां येते. जेथें पाटलाचा मुलगा सतरंजीवर आणि मजूर दाराशीं, जेथें बौद्धवाड्यांतल्या माणसानें पाणी मागावयाचें आणि दुसऱ्यानें वरून ओतावयाचें, तेथें फळ्यावर ‘इक्वॅलिटी’ हा शब्द लिहिणें म्हणजे फळा बाटविणें होय. एकच सतरंजी, एकच माठ, आणि बसावयाचें तें आल्या क्रमानें. बायका मागें आणि पुरुष पुढें, हेंही चालणार नाहीं. फवारणीचें पाणी आणून देणारी, वेंचणी करणारी, आणि घरचा कर्ता पुरुष गेल्यावर कागदांची मोट डोक्यावर घेऊन कचेऱ्या झिजविणारी बाईच असते. तिची सही तिनें करावी. नवऱ्यानें, दिरानें किंवा मुलानें तिचा आंगठा धरून कागदावर टेंकवूं नये. हें आम्ही परमुलुखांतून आणलेलें शहाणपण नव्हे. आमच्याच वऱ्हाडांत, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनीं १८८२ सालीं ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांस जाब विचारला. आणि त्यावर ओरड झाली तेव्हां जोतीरावांनीं त्यांची बाजू घेतली.

आणखी एक. झरी-जामणी, मारेगांव, केळापूर, घाटंजी या बाजूस कोलाम बंधूंची बोली कोलामी. कित्येक ठिकाणीं गोंडी बोलली जाते. पुसद-दिग्रसकडे बंजारा तांड्यांत गोरमाटी. या माणसांस मराठी हीच दुसरी भाषा आहे. इंग्रजीवाल्यांनीं आम्हांस हिणविलें अशी तक्रार आम्ही करावयाची, आणि त्यांच्या मराठीस आम्हींच हंसावयाचें, हा कोणता न्याय ? जो मास्तर कोलामाच्या उच्चारास हंसेल त्यानें हा वर्ग घेऊं नये.

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. गांवांत चार जणांस इंग्रजी लिहितां आलें आणि चाळीस जणांस आलें नाहीं, तर ते चार जण नवे पटवारी होतील. अर्जाला पन्नास रुपये, फॉर्मला शंभर, आणि ‘साहेब आपल्या ओळखीचा आहे’ याचे वेगळे. तो नवा पटवारी आमच्याच जातीचा असेल, आमच्याच आळींतला असेल. म्हणून त्याची लूट गोड लागेल असें नाहीं. ब्राह्मणाच्या जागीं ब्राह्मणेतर बसविणें एवढाच या चळवळीचा हेतु कधींच नव्हता. ती जागाच नाहींशी करणें हा होता. म्हणून वर्गाचा नियम असा असावा: दुसऱ्याचा अर्ज लिहून द्यावयाचा नाहीं, त्याच्या शेजारीं बसून त्याच्याकडून लिहवून घ्यावयाचा. वेळ जास्त लागेल, अक्षर वांकडें येईल. पण तो अर्ज त्याचा असेल. आणि जो शिकला त्यानें पुढच्या वर्षीं दोघांस शिकवावें, तेंही फुकट.

आक्षेप तिघांचे येतात. पहिला म्हणतो, आतां मोबाईल सारें भाषांतर करतो, शिकावें कशाला ? मोबाईल अवश्य वापरावा; तो चांगला चाकर आहे. पण लिटर आणि मिलिलिटर यांत त्याची किंवा आपली गल्लत झाली तर ती ओळखणारें डोकें घरांत पाहिजे. आणि काय मागावयाचें तें ज्यास ठाऊक नाहीं त्याचें मागणें मोबाईलही लिहूं शकत नाहीं. दुसरा म्हणतो, इंग्रजी आली कीं मराठी बुडेल. मराठी बुडेल ती मराठी माणूस कागदापुढें मुका राहिला तर. मुलांस मराठी वाचतां येईना इतकी इंग्रजी शाळेची फी भरणारा बाप, आणि स्वतः बाटलीवरचें नांव वाचूं न शकणारा बाप, हे बहुतेक वेळां एकच असतात. त्यानेंच संध्याकाळीं तासभर पाटी घेऊन बसावें, म्हणजे मुलावरचा अर्धा भार उतरेल. तिसरा म्हणतो, पन्नाशीच्या माणसास आतां काय येणार ? ज्यानें पन्नास मृगांचे ढग वाचले, बैलाचा दांत पाहून वय सांगितलें, सरकीचा दर तोंडपाठ ठेवला, त्यास सव्वीस अक्षरें येत नाहींत, हें म्हणणाराचेंच अज्ञान आहे.

काम अगदींच शून्यापासून सुरू करावयाचें नाहीं. यवतमाळांतच राजू केंद्रे यांनीं २०१७ सालीं उभी केलेली ‘एकलव्य’ ही संस्था शेतकरी, आदिवासी, भटके-विमुक्त यांच्या घरांतून पहिल्यांदाच कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींस मोठमोठ्या विद्यापीठांचे अर्ज लिहावयास शिकविते. स्वतः केंद्रे शिष्यवृत्ति मिळवून लंडनला शिकून आले. हें काम फार मोलाचें आहे. पण मुलगी लंडनच्या विद्यापीठास पत्र लिहिते आणि तिची आई घरीं बाटलीवरचा ‘पॉयझन’ हा शब्द ओळखत नाहीं, हें अंतर कोणी भरून काढावयाचें ? सरकारचा ‘उल्लास’ हा साक्षरतेचा कार्यक्रम २०२२ पासून पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठीं स्वयंसेवकांच्या मदतीनें चालला आहे.  त्याच्या पुढची पायरी गांवानें बांधली पाहिजे, नाहीं तर आलेलें अक्षरही गंजून जातें.

यासाठीं मोठा पैसा लागत नाहीं. खोली शाळेची, दिवा ग्रामपंचायतीचा, वही ज्याची त्याची, आणि शिकविणारा गांवांतलाच कोणी शिकलेला मुलगा किंवा मुलगी. आम्ही शाळामास्तरांनीं आठवड्यांतून दोन संध्याकाळी द्याव्यात. दिवसा ज्यांचीं मुलें शिकवितों त्यांस रात्रीं शिकविण्यांत कमीपणा नाहीं. वेळ होळीपासून मृगापर्यंतचा. तेव्हां कपाशी घरांत येऊन गेलेली असते, उलंगवाडी झालेली असते, आणि नव्या पेरणीस अवकाश असतो. १० मार्च हा सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. त्या दिवशीं हार-तुऱ्यांवर जें खर्चावयाचें त्यांत वीस पाट्या आणि एक फळा येतो. मृग निघण्यापूर्वीं प्रत्येक गांवांत वीस बाया-माणसें अशीं तयार व्हावींत कीं, ज्यांस बाटलीवरचें नांव उतरून घेतां येईल, स्वतःचा फॉर्म भरतां येईल, आणि पांच ओळींचें पत्र लिहून त्याची पोंच घेतां येईल.

त्या वीस पत्रांतलीं दहा साहेबाच्या टेबलावर पडून राहतील हें आम्हांस ठाऊक आहे. पडूं द्यावीं. महिन्यानें त्याच हातांनीं दुसरें पत्र जावें, पहिल्याच्या पोंचेची प्रत जोडून. पत्र लिहिणारा एकटा असला तर त्याला दमवितां येतें. वीस असले तर टेबलाला दमावें लागतें. बंधूंनो आणि भगिनींनो, पुढल्या ग्रामसभेंत हा विषय मांडा, आणि वर्ग कोणत्या तारखेस, कोणाच्या ओट्यावर सुरू होणार, हें ठरावांत लिहवून त्याची नक्कल घ्या. ती नक्कल हाच आपल्या वर्गाचा पहिला धडा समजावा.